जातीवरून, लिंगओळखीवरून होणारा ऑनलाइन छळ: पुरावा, तक्रार आणि एफआयआर

फेक आयडीवरून जातीवाचक शिव्या येतात. मॉर्फ केलेला नग्न फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो. तृतीयपंथी व्यक्तीचं जुनं नाव आणि घरचा पत्ता कुणीतरी कमेंटमध्ये टाकतं. या सगळ्याला नुसतं ‘सायबरचं प्रकरण’ म्हटलं की तक्रार तिथेच बोथट होते. दलित किंवा आदिवासी मुलीला दिलेली घाणेरडी धमकी बाई म्हणून दिलेली असते आणि जातीवरूनही दिलेली असते. कायद्यात दोन्हींसाठी वेगळी कलमं आहेत, आणि जातीची कलमं जास्त कडक आहेत. पण पोलीस ठाण्यात जात सांगायचा संकोच वाटतो, घरचे ‘वाढवू नका’ म्हणतात, आणि हातात एनसीचा (अदखलपात्र नोंद, जिच्यावर पोलीस थेट तपास करत नाहीत) कागद घेऊन परत यावं लागतं. म्हणून आमचा पहिला आग्रह हाच: तक्रारीच्या पहिल्या परिच्छेदात स्वतःची ओळख आणि ती समोरच्याला कशी ठाऊक होती, हे लिहा. पुढचं बरंच काही त्यावर ठरतं.

पहिला तास: काहीही डिलीट करू नका

घाबरून माणूस आधी ब्लॉक करतो, मग चॅट उडवतो. हा क्रम उलटा हवा. आधी पुरावा, मग प्लॅटफॉर्मकडे रिपोर्ट आणि सगळ्यात शेवटी ब्लॉक. ब्लॉक केल्यावर अनेक ठिकाणी त्या खात्याचं प्रोफाइलच तुम्हाला दिसेनासं होतं.

प्रत्येक पोस्टचे किंवा मेसेजचे किमान चार पुरावे हवेत: मूळ मजकूर, पाठवणाऱ्याचं प्रोफाइल, त्या पोस्टची आणि प्रोफाइलची पूर्ण लिंक, आणि आधी-नंतरचा संदर्भ दाखवणारं स्क्रीन रेकॉर्डिंग. बारकावे इथेच चुकतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

व्हॉट्सॲपवर नंबर नावाने सेव्ह असेल तर स्क्रीनशॉटमध्ये फक्त नाव दिसतं. कॉन्टॅक्ट इन्फो उघडून नंबर दिसेल असा वेगळा स्क्रीनशॉट घ्या. फेसबुक, इन्स्टाग्रामवर पोस्टखाली ‘३ तासांपूर्वी’ असं येतं. त्यावरून तारीख सिद्ध होत नाही, म्हणून शक्य तिथे वेळेवर टॅप करून पूर्ण तारीख उघडा. इन्स्टाग्रामचं युजरनेम केव्हाही बदलता येतं. त्यामुळे प्रोफाइलवरच्या तीन टिंबांतून ‘अबाउट धिस अकाउंट’ उघडा आणि खातं कधी सुरू झालं, आधी किती वेळा नाव बदललं, याचाही फोटो ठेवा. ‘व्ह्यू वन्स’ फोटोचा किंवा व्हॉट्सॲपच्या प्रोफाइल फोटोचा स्क्रीनशॉट ॲप घेऊ देत नाही. तिथे दुसऱ्या फोनने स्क्रीनचा फोटो काढा.

ग्रुपमध्ये शिवीगाळ झाली असेल तर ग्रुप इन्फोचं पान न चुकता घ्या. त्यावर ग्रुपचं नाव, सदस्यसंख्या आणि ॲडमिनचे नंबर असतात. फेसबुक पोस्ट असेल तर ती कुणाला दिसत होती हे दाखवणारं छोटं चिन्ह, म्हणजे पृथ्वीगोल किंवा दोन माणसं, फोटोत यायला हवं. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात (अनुसूचित जाती-जमातींवरचे अत्याचार रोखणारा कायदा) ‘लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी’ ही अट आहे आणि ती याच फोटोंनी सिद्ध होते.

स्क्रीनशॉट कापू नका, त्यावर लाल वर्तुळं काढू नका, व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून पाठवू नका. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं आणि फाइलमधली माहिती पुसली जाते. पाठवायचाच झाला तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ई-मेलने पाठवा. मूळ फाइली एका पेनड्राइव्हवर आणि एका ई-मेल खात्यात ठेवा.

भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्याचे दोन भाग आहेत. भाग ‘अ’ पुरावा देणाऱ्याने भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलचा हॅश लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाइलवरून काढलेली अक्षर-आकड्यांची लांब ओळ. फाइलमध्ये किंचित जरी बदल झाला तरी ती ओळ पूर्ण बदलते, आणि मूळ फाइलला हात लावायचा नाही तो यासाठीच. प्रमाणपत्र तक्रारीच्याच दिवशी हवं असं नाही. पण फाइली शाबूत नसतील तर ते नंतर भरताच येणार नाही.

सोबत वहीत नोंद ठेवा: तारीख, वेळ, कोणत्या ॲपवर, कोणत्या खात्यावरून, काय लिहिलं, फाइलचं नाव आणि ती पोस्ट आणखी कुणी पाहिली. शेवटच्या रकान्यातली नावं म्हणजे तुमचे साक्षीदार.

एक कडक सूचना. जिचा फोटो फिरतोय तिचं वय १८ पेक्षा कमी असेल तर तो फोटो डाउनलोड करू नका आणि पुरावा म्हणूनही कुणाला पाठवू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली तसं करणंही गुन्हा आहे. फक्त लिंक, खातं, तारीख लिहून घ्या आणि थेट पोलीस किंवा १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन गाठा. मोठ्यांच्या बाबतीतही मैत्रिणींना ‘बघ काय फिरतंय’ म्हणून फोटो फॉरवर्ड करणं कलम ६७अ मध्ये बसू शकतं. मदत करायला आलेली माणसंच इथे अडकतात.

त्याच दिवशी: फोन आणि खाती

‘फोनला पासवर्ड ठेवा’ हा सल्ला देणं सोपं आहे. ज्या घरात एकच फोन सगळे वापरतात, किंवा बायकोचा, बहिणीचा फोन तपासणं हा हक्क समजला जातो, तिथे नवा पासवर्ड दिसला की नवं भांडण सुरू होतं. अशा वेळी फोन आहे तसा राहू द्या. पुरावा मात्र त्या फोनवर ठेवू नका. भरवशाच्या व्यक्तीच्या फोनवरून नवं ई-मेल खातं उघडा आणि सगळं तिथे पाठवा.

फोन स्वतःचा असेल तर तीन जागा तपासा. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’, गूगल खात्यात ‘युअर डिव्हाइसेस’ आणि इन्स्टाग्राम-फेसबुकमध्ये कुठून कुठून लॉगिन आहे ती यादी. अनोळखी उपकरण दिसलं तर आधी स्क्रीनशॉट, मग लॉगआउट. त्यानंतर पासवर्ड बदला आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा. तुमच्या नावावर भलतंच सिम चालू आहे का, ते केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर कळतं. बदनामीसाठी तुमच्याच कागदपत्रांवर सिम घेतलेलं असू शकतं.

पैसे मागत असतील तर देऊ नका. एकदा पैसे मिळाले की मागणी थांबत नाही, वाढते. आधीच दिले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

फोटो खाली उतरवणं

पोलीस तक्रार आणि फोटो हटवणं ही दोन कामं एकाच वेळी चालवा. एकासाठी दुसरं अडवून ठेवू नका.

२०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतला नियम ३(२)(ब) तुमच्या हातातलं सगळ्यात धारदार हत्यार आहे. नग्न किंवा लैंगिक फोटो, मॉर्फ केलेला फोटो किंवा तुमच्या नावाचं तोतया खातं याबद्दल तुम्ही किंवा तुमच्या वतीने कुणी तक्रार केली, तर कंपनीला ते काढावंच लागतं. मूळ नियमात यासाठी २४ तासांची मुदत होती. त्यामुळे २४ तास उलटूनही फोटो तसाच असेल तर वाट पाहत बसायचं कारण उरत नाही. ॲपमधलं ‘रिपोर्ट’ बटण दाबून थांबू नका. प्रत्येक मोठ्या कंपनीला भारतात तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचा संपर्क वेबसाइटवर द्यावा लागतो. त्याला ई-मेल करा. त्यात नियमाचा क्रमांक, नेमकी लिंक, ‘हा फोटो माझा आहे, माझी संमती नाही’ हे वाक्य आणि तक्रारीची वेळ लिहा.

दाद मिळाली नाही किंवा उत्तर पटलं नाही तर तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. पत्ता: जीएसी डॉट गव्ह डॉट इन. कंपनीचं उत्तर आल्यापासून ३० दिवसांची मुदत आहे.

जातीवाचक शिव्यांचे रिपोर्ट फेटाळले जातात त्याचं मोठं कारण चुकीचा रकाना. लोक ‘स्पॅम’ किंवा ‘मला हे आवडलं नाही’ निवडतात. ‘हेट स्पीच’ निवडा. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब आणि एक्स यांच्या धोरणांत जात हा संरक्षित घटक आहे. रोमन लिपीत लिहिलेली मराठी शिवी त्यांच्या यंत्रणेला अनेकदा कळत नाही. म्हणून ई-मेलमध्ये त्या शब्दाचा अर्थ आणि तो कोणत्या समाजाला हिणवायला वापरतात, हे दोन ओळींत समजावून सांगा. हे लिहिताना अंगावर काटा येतो, पण त्याविना समोरच्याला त्या शब्दाचं विष कळत नाही. ई-मेल लिहायचं काम मैत्रिणीने किंवा कार्यकर्त्याने करावं हे बरं.

फोटो अजून पसरला नसेल, नुसती धमकी असेल, तर ‘स्टॉप एनसीआयआय डॉट ऑर्ग’ वापरा. ही सेवा तुमच्याच फोनवर त्या फोटोचा हॅश काढते. फोटो फोनबाहेर जात नाही, फक्त हॅश फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, रेडिट अशा सहभागी कंपन्यांना मिळतो आणि तोच फोटो कुणी टाकू गेला तर अडवता येतो. ही सोय १८ वर्षांवरच्यांसाठी आहे. १८ च्या आतल्या फोटोंसाठी ‘टेक इट डाउन’ ही सेवा आहे. मर्यादा ओळखून असा: फोटो बदलला तर हॅश जुळेलच असं नाही, आणि व्हॉट्सॲप-टेलिग्रामच्या खासगी चॅटमध्ये याचा उपयोग नाही. नावाने शोधल्यावर गूगलवर फोटो येत असेल तर संमतीशिवायच्या नग्न आणि बनावट फोटोंसाठी गूगलचा वेगळा अर्ज आहे, तोही भरा.

तक्रार कशी लिहायची

सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर महिला आणि बालकांसाठी वेगळा विभाग आहे. तिथे निनावी तक्रारही करता येते, पण तिचा माग तुम्हाला काढता येत नाही. शक्य असेल तर नाव देऊन ‘रिपोर्ट अँड ट्रॅक’ वापरा. पोर्टलवरचा क्रमांक म्हणजे एफआयआर नव्हे, हे नीट लक्षात घ्या. पोर्टलवर नोंद करून महिनोन्महिने थांबणं ही आम्हाला सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे.

ठाण्यात जाताना तक्रार लिहूनच न्या, दोन प्रतींत. सुरुवात साधारण अशी असावी:

‘मी (नाव, वय, पत्ता), अनुसूचित जातीची असून आरोपी हा अनुसूचित जाती-जमातीचा नाही. तो माझ्याच गावचा असल्याने त्याला माझी जात माहीत आहे. दिनांक … रोजी … वाजता त्याने … या ग्रुपवर, ज्यात … सदस्य आहेत, माझ्याविषयी पुढील मजकूर टाकला: …’

शिव्या जशाच्या तशा लिहा. ‘जातीवाचक शिवीगाळ केली’ एवढ्यावर सोडलंत तर खटला तिथेच लंगडा होतो. जात कशी माहीत होती हे लिहायचं कारण असं: आरोपीची तुमच्याशी किंवा कुटुंबाशी व्यक्तिगत ओळख होती हे दिसलं, तर त्याला जात ठाऊक होती असं न्यायालय अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ८(क) नुसार गृहीत धरतं.

आता कलमं. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ मधलं ३(१)(आर) हे जातीवरून अपमानित करण्याचं, तर ३(१)(एस) हे जातीच्या नावाने शिवीगाळ करण्याचं. दोन्हींसाठी ‘सार्वजनिक दृष्टी’ लागते. केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये इंटरनेटवर टाकलेला व्हिडिओ यात बसतो असं म्हटलं आहे. खासगी इनबॉक्समधल्या मेसेजला ही कलमं टिकणं अवघड. तिथे ३(१)(डब्ल्यू)(२) कामाला येतं: अनुसूचित जाती-जमातीच्या स्त्रीला, ती त्या समाजाची आहे हे माहीत असताना, लैंगिक स्वरूपाचे शब्द वापरणं. याला सार्वजनिक दृष्टीची अट नाही. हे कलम फार क्वचित मागितलं जातं. तुम्ही ते नावानिशी मागा.

त्यासोबत भारतीय न्याय संहितेची कलमं: ७५ लैंगिक छळ, ७८ पाठलाग (ऑनलाइन पाळत यात येते), ७९ स्त्रीच्या विनयाचा अवमान, ३०८ खंडणी, ३५१ धमकी. माहिती तंत्रज्ञान कायद्यातली ६६सी आणि ६६डी तोतयेगिरीसाठी, ६६ई खासगीपणाच्या भंगासाठी, ६७ आणि ६७अ अश्लील मजकुरासाठी. ६६अ कुणी सुचवलं तर नकार द्या. ते सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच रद्द केलं आहे.

तृतीयपंथी व्यक्तींसाठी इथे एक खाच आहे. २०१९ च्या तृतीयपंथी हक्क संरक्षण कायद्याचं कलम १८ शाब्दिक, भावनिक आणि लैंगिक छळाला गुन्हा ठरवतं, पण त्यात शिक्षा ६ महिने ते २ वर्षं आहे. विशेष कायद्यांतले तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचे गुन्हे अदखलपात्र धरले जातात. म्हणजे एकट्या कलम १८ वर गेलात तर एनसीच मिळेल. न्याय संहितेची ७५ ते ७९ ही कलमं ‘स्त्री’ या शब्दावर उभी असल्याने तिथेही वाद घातला जातो. म्हणून माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६ई, ६७, ६७अ आणि पैसे मागितले असतील तर न्याय संहितेचं ३०८ ही कलमं पुढे ठेवा. ती कुणाच्याही बाबतीत लागतात आणि दखलपात्र आहेत. कलम १८ त्यांच्या जोडीला. तक्रार करायला ओळखपत्र किंवा शस्त्रक्रियेचा कागद लागत नाही. वापरातलं नाव आधी लिहा, कागदोपत्री नाव गरज असेल तिथेच एकदा.

मुस्लिम स्त्रियांसाठी असा वेगळा कायदा नाही. तिथे छळाच्या कलमांसोबत गटागटांत द्वेष पसरवण्याचं न्याय संहितेचं कलम १९६ मागावं लागतं. जानेवारी २०२२ मध्ये मुस्लिम स्त्रियांचे फोटो लावून त्यांचा ‘लिलाव’ मांडणारं ‘बुल्ली बाई’ ॲप उघड झालं, तेव्हा मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने काही दिवसांतच महाराष्ट्राबाहेरून आरोपी पकडले. त्या खात्यांना शीख वाटतील अशी नावं दिलेली होती. त्यातून घ्यायचा धडा असा की प्रोफाइलवरच्या नावावरून आरोपी ठरवू नका. खात्री नसेल तर ‘अनोळखी इसम’ लिहा, संशय असेल तर त्याचं कारण वेगळ्या परिच्छेदात द्या. चुकीचं नाव घातलं की बचाव पक्षाला आयतं कोलीत मिळतं.

ठाण्यात

‘हे आमच्या हद्दीत येत नाही, सायबरला जा’ हे ऐकावं लागेल. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. त्यालाच झिरो एफआयआर म्हणतात. ई-मेलनेही माहिती देता येते, मात्र ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते. न्याय संहितेच्या कलम ७४ ते ७९ मधल्या गुन्ह्यांची माहिती स्त्रीने दिली तर ती महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची आहे. एफआयआरची प्रत मोफत मिळते.

‘आधी चौकशी करू’ हे दुसरं उत्तर. अ‍ॅट्रॉसिटीच्या गुन्ह्यात कलम १८अ नुसार एफआयआरआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. त्याचा तपास डीवायएसपी (उपअधीक्षक) किंवा एसीपी (सहायक पोलीस आयुक्त) दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचा तपास किमान पोलीस निरीक्षकाने करायचा असतो. गुन्हा नोंदवायला नकार मिळाला तर वाद घालत बसू नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. पोचही दिली नाही तर तोच अर्ज पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांना रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा, आणि त्यानंतर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. अ‍ॅट्रॉसिटीसाठी १४५६६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तिथेही नोंद करा.

वकिलाचा खर्च हा अडथळा समजू नका. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

तक्रारीसोबत एक वेगळा, अर्ध्या पानाचा अर्ज द्या: ‘सोबतच्या लिंक आणि खात्यांचा डेटा जतन करण्यासाठी कंपनीला तातडीने पत्र पाठवावे.’ कंपन्यांनी काढलेला मजकूर आणि बंद केलेल्या खात्याची नोंदणी-माहिती १८० दिवस जपायची असा नियम आहे. त्यानंतर ती मिळेलच असं नाही. तपास लांबला तर आरोपीपर्यंत नेणारा आयपी पत्ताच (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) हातचा जातो, आणि उरतात ते फक्त स्क्रीनशॉट.

फोन जमा करायला सांगितलं तर पंचनाम्यात मॉडेल, आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) आणि सील याची नोंद करून घ्या व पावती मागा. फोनमध्ये चळवळीची, जोडीदाराची किंवा उपचारांची खासगी माहिती असेल तर वकिलामार्फत फक्त संबंधित चॅटची प्रत काढावी असा लेखी अर्ज करा.

गुन्हा नोंदल्यावर

खरा दाब आता सुरू होतो. भावकी येते, सरपंच येतो, ‘पोराचं आयुष्य बरबाद होईल’ म्हणतात. उलट तक्रारही टाकली जाते. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५अ नुसार फिर्यादी आणि साक्षीदारांना संरक्षण मागण्याचा हक्क आहे आणि जामिनाच्या सुनावणीची आगाऊ सूचना मिळण्याचाही. त्या तारखेला वकिलासह हजर राहा आणि एफआयआरनंतर आलेल्या प्रत्येक धमकीची नोंद न्यायालयापुढे ठेवा. समेटासाठी आलेल्या फोनचीही तारीख, वेळ वहीत लिहा. जातप्रमाणपत्र आणि एफआयआरची प्रत घेऊन समाजकल्याण विभागाच्या सहायक आयुक्त कार्यालयात अर्थसाहाय्याचा अर्ज करा. त्याचा पहिला हप्ता निकालाची वाट पाहत नाही.

या काळात रोज येणारे मेसेज जिला त्रास होतोय तिनेच वाचावेत असं मुळीच नाही. खात्याचं लॉगिन भरवशाच्या एकाच व्यक्तीकडे द्या. ती पुरावा जमवेल आणि मोजकं तेवढंच सांगेल. झोप उडाली, जीव नकोसा वाटू लागला, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

९० दिवस झाले की तपास अधिकाऱ्याला तपासाची प्रगती लेखी विचारा. ती कळवणं कायद्याने त्याच्यावर बंधनकारक आहे. अ‍ॅट्रॉसिटीच्या तपासाला नियम ७ नुसार ६० दिवसांची मुदत आहे, म्हणून तिथे ६१ व्या दिवशीच पत्र द्या आणि त्याची प्रत पोलीस अधीक्षकांना पाठवा.